विडी स्वस्त, सिगारेट महाग: सोलापुरातून पाहिलेलं धूम्रपानविरोधी धोरण

३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेच्या ५६व्या बैठकीत तंबाखूबद्दल दोन उलट दिशांचे निर्णय एकाच दिवशी झाले. सिगारेट, जर्दा आणि पानमसाला ४० टक्क्यांच्या सर्वांत वरच्या टप्प्यात गेले. विडीवरचा कर मात्र २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. विडीच्या पानावरचा १८ वरून ५ टक्क्यांवर आला. सिगारेट आणि विडीचे नवे दर १ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झाले आणि त्याच दिवसापासून सिगारेटवर लांबीनुसार वेगळं उत्पादन शुल्कही सुरू झालं.

सिगारेट महाग करण्यामागचं कारण सगळ्यांना माहीत आहे: लोकांनी कमी ओढावी. विडी स्वस्त करण्याच्या बाजूने जे कारण नेहमी दिलं जातं, ते सोलापूरकरांना जास्त जवळचं आहे: विडी वळणाऱ्या बायांचा रोजगार टिकावा. कारण चांगलं आहे. प्रश्न एवढाच की दहा टक्के कर कमी केल्याने त्या बायांच्या हातात नेमकं काय पडतं. या लेखातलं प्रकरण तेच आहे. धूम्रपान कमी करायचं राष्ट्रीय धोरण एका शहराच्या एका भागात येऊन का अडतं, आणि ते सोडवायचा मार्ग आपल्याच जुन्या कायद्यात कसा होता, हे त्यातून दिसतं.

आधी देशाचं चित्र

भारतात तंबाखूमुळे दर वर्षी सुमारे साडेतेरा लाख माणसं मरतात. २००३ चा सिगारेट व इतर तंबाखू उत्पादने कायदा, म्हणजे ज्याला सगळे ‘कोटपा’ म्हणतात, तो या लढाईचा पाया. त्यात सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली, जाहिरातींना बंदी आली, अठरा वर्षांखालच्यांना विकायला मनाई झाली आणि शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांच्या आत विक्री बंद झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारावर भारताने २००४ मध्ये शिक्कामोर्तब केलं. सार्वजनिक धूम्रपानबंदीचे कडक नियम २ ऑक्टोबर २००८ पासून आले, पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा-चित्र १ एप्रिल २०१६ पासून आलं आणि ई-सिगारेटवर २०१९ मध्ये पूर्ण बंदी आली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखा बंद केला आणि सप्टेंबर २०२० मध्ये सुट्टी सिगारेट आणि सुट्टी विडी विकण्यावर बंदी घातली.

या सगळ्याचा उपयोग झाला नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाची पहिली फेरी २००९-१० मध्ये झाली, तेव्हा देशातले ३४.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. २०१६-१७ च्या दुसऱ्या फेरीत ते प्रमाण २८.६ टक्क्यांवर आलं. सात वर्षांत सहा टक्के ही मोठी घट आहे आणि तिच्यामागे कायदा, कर आणि शाळांमधली जागृती असं सगळंच आहे.

पण त्याच सर्वेक्षणाचा पुढचा आकडा बघा. २०१६-१७ मध्ये सिगारेट ओढणारे ४ टक्के होते आणि विडी ओढणारे ७.७ टक्के. म्हणजे या देशात धूर सोडणाऱ्या माणसाच्या हातात सिगारेटपेक्षा विडी असण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट आहे. तरीही आपलं करधोरण सिगारेट डोळ्यांसमोर ठेवून आखलं गेलं. २०२५ च्या आधी सिगारेटच्या किरकोळ किमतीत सगळे कर मिळून निम्म्याहून थोडे जास्त होते, विडीच्या किमतीत साधारण २२ टक्के. जागतिक आरोग्य संघटना किमान ७५ टक्क्यांची शिफारस करते. जीएसटी येण्याआधी तर वर्षाला वीस लाखांपर्यंत विड्या काढणाऱ्या उत्पादकाला उत्पादन शुल्कच माफ होतं, त्यामुळे कागदावर एका कारखान्याचे अनेक छोटे कारखाने करणं फायद्याचं ठरायचं.

विडी सौम्य असते हा समज सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे विडी वळणाऱ्यांच्या वस्तीतही आहे आणि बाहेरही. विडीत तंबाखू कमी असतो हे खरं, सिगारेटच्या साधारण चौथा हिस्सा. पण पानातून हवा नीट खेळत नाही, विडी सारखी विझते, म्हणून ओढणाऱ्याला जोरात आणि वारंवार झुरके घ्यावे लागतात. परिणामी निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्तच आत जातं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या राष्ट्रीय अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषाचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी कमी झालेलं आढळलं आणि विडी ओढणाऱ्या बाईचं आठ वर्षांनी. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाची दहा वर्षं जातात. तेव्हा सिगारेटशी तुलना करून विडीला सूट द्यायची असेल, तर सहा वर्षं कमी जगणं चालेल असं तोंडाने म्हणावं लागेल. विडीमुळे होणारे आजार आणि अकाली मृत्यू यांचा देशाला २०१७ या एका वर्षात ८०,००० कोटी रुपयांहून जास्त फटका बसला, असा एक अंदाज अर्थतज्ज्ञांनी मांडलेला आहे.

पूर्व भाग

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौक आणि कन्ना चौकापासून नीलमनगर आणि विडी घरकुलापर्यंत, घराच्या उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई दिसली नाही असा बोळ शोधावा लागतो. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेली पद्मशाली कुटुंबं, घरात तेलुगू, बाजारात मराठी. पुरुष यंत्रमागावर चादर आणि टॉवेल काढणार, बाया विड्या वळणार, अशी विभागणी इथे इतकी जुनी आहे की लग्न ठरवताना मुलीला विडी येते का हे विचारलं जायचं. विडी कामगारांचं कार्ड असणं म्हणजे मुलीच्या हातात काहीतरी आहे असा अर्थ होता. या कामावर पन्नास हजारांहून जास्त बाया आहेत असं कामगार संघटना सांगतात. देशभरात विडी कामगारांची संख्या पन्नास लाखांच्या घरात धरली जाते.

कामाची रीत बाहेरच्यांना फारशी माहीत नसते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. सकाळी कारखान्यात जाऊन काल वळलेल्या विड्या द्यायच्या आणि आजचा कच्चा माल घ्यायचा: वजनाने मोजलेलं पान, वजनाने मोजलेली तंबाखू आणि सूत. पान रात्रभर भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवायचं. मग पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीने त्या मापाचे तुकडे कापायचे, शिरा टाळायच्या, चिमटीभर तंबाखू घालायची, वळायची, तोंड आत मुडपायचं, सूत बांधायचं. पंचवीस-पंचवीसची बंडलं करायची. मजुरी हजार विड्यांमागे. चांगल्या हाताच्या बाईला हजार विड्या वळायला दहा-बारा तास लागतात आणि त्यात घरातल्या पोरीने पानं कापून दिलेला वेळ कुणी मोजत नाही. पान खराब निघालं, तर हजाराचा हिशोब पुरा करायला तिने स्वतःच्या पैशाने पान विकत घ्यायचं. कारखान्यात तपासणीत ज्या विड्या बाद होतात, त्यांची मजुरी नाही. विडी बाद झाली म्हणून ती फेकून दिली जाते असंही नाही.

हाताला आणि छातीला काय होतं ते वेगळं सांगायला नको. तंबाखूची धूळ दिवसभर नाकात जाते, बोटांच्या कातडीतून निकोटिन शरीरात शिरतं, कंबर आणि मान कायमची दुखते. एकही विडी न ओढणारी बाई तंबाखूचा परिणाम भोगते. महाराष्ट्रात बायांमध्ये मिश्री लावायची सवय आहे, त्यामुळे ज्या घरात तंबाखू सुपात उघडी पडलेली असते, तिथे तंबाखूची भीती कुणालाच उरत नाही, पोरांनाही नाही. मला या प्रकरणातली ही बाजू सगळ्यात जास्त छळते. शाळेत तंबाखूविरोधी प्रतिज्ञा घेऊन आलेलं लेकरू घरी येऊन आईला पान कापून देतं.

या बायांसाठी कायदा झाला नाही असं नाही. १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा हा असंघटित बायांना कामगार म्हणून ओळखणारा एक महत्त्वाचा कायदा होता. घरी बसून काम करणारी बाईसुद्धा मालकाची कामगार आहे, हे त्याने मान्य केलं. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरी विडी वळणाऱ्यांना भविष्य निर्वाह निधी लागू असल्याचा निर्णय दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रमसंहिता लागू झाल्यावर तो १९६६ चा कायदा त्यांत विरघळला. त्याच्या तरतुदी पुढे किती जिवंत राहतात ते आता राज्यांच्या नियमांवर आहे.

दहा टक्के कुठे गेले

आता मूळ प्रश्नाकडे. हिशोब सोपा करण्यासाठी काही आकडे धरून चालू. हे सर्वेक्षणाचे आकडे नाहीत, पण पूर्व भागात राहणाऱ्याला ते ओळखीचे वाटतील.

एक बाई दिवसाला सातशे विड्या वळते आणि वर्षातले अडीचशे दिवस तिला काम मिळतं. वर्षाला पावणेदोन लाख विड्या झाल्या. पंचवीस विड्यांच्या बंडलाची कराआधीची किंमत साडेबारा रुपये धरली, तर एका विडीची किंमत पन्नास पैसे. जीएसटी दहा टक्क्यांनी उतरला म्हणजे एका विडीमागे पाच पैसे सुटले. पाच पैशांना आज कुणी विचारत नाही. पण पावणेदोन लाख विड्यांवर ते पाच पैसे म्हणजे ८,७५० रुपये. एका बाईच्या वर्षभराच्या कष्टातून तयार झालेल्या मालावर सरकारने एवढी रक्कम सोडून दिली.

ती तिला मिळते का? मिळायला मार्गच नाही. तिची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. ती ठरते किमान वेतनाच्या अधिसूचनेने आणि मालक-संघटनांच्या वाटाघाटीने. बंडलावरचा कर कमी झाला म्हणून हजारी वाढल्याचं पूर्व भागात मी ऐकलेलं नाही. सुटलेले पैसे एकतर बंडलाची किंमत कमी करून ओढणाऱ्याच्या खिशात जातात, किंवा किंमत तीच ठेवून कारखानदाराच्या आणि व्यापाऱ्याच्या. ओढणाऱ्याच्या खिशात गेले, तर तो जास्त विड्या ओढतो. भारतातल्या अर्थशास्त्रीय अभ्यासांत हे वारंवार दिसलं आहे की विडी ओढणारा किमतीला सिगारेटवाल्यापेक्षा जास्त बिचकतो, कारण तो गरीब आहे. किंमत वाढली की तो लवकर कमी करतो आणि उतरली की लवकर वाढवतो.

याला उत्तर म्हणून सांगितलं जातं की विडी जास्त खपली तर बायांना जास्त दिवस काम मिळेल. हे तर्काला धरून आहे आणि ते मी झटकून टाकणार नाही. कामाचे दिवस कमी झाल्याची तक्रार पूर्व भागात खरी आहे. पण विडीचा खप या कराच्या आधीपासून उतरतो आहे. २००९-१० मध्ये विडी ओढणारे ९.२ टक्के होते, ते ७.७ वर आले, तेही विडीवर नाममात्र कर असतानाच्या काळात. तरुण मुलगा विडी हातात धरत नाही, तो सिगारेट घेतो किंवा मावा खातो. दहा टक्क्यांच्या सवलतीने हा उतार थांबणार नाही, फार तर काही वर्षं लांबेल. तोपर्यंत आणखी एक पिढी सुपापाशी बसेल.

सोलापूरने असा उतार एकदा पाहिला आहे. १८७० च्या दशकात जुनी मिल सुरू झाली, मग लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी आणि बाकीच्या. त्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा कामगारांचं पुढे काय करायचं याचा आराखडा कुणाजवळच नव्हता. अनेकांनी यंत्रमाग गाठला, बायांनी विडी धरली. विडीचं तसं होणार हे आज दिसत असताना तयारी न करणं मला अक्षम्य वाटतं.

सुटलेला धागा

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग १९७६ चा आहे. त्या वर्षी संसदेने विडी कामगारांसाठी दोन कायदे केले: एक कल्याण उपकराचा आणि दुसरा कल्याण निधीचा. विडीवर उपकर लावायचा आणि तो पैसा विडी कामगारांच्या दवाखान्यांसाठी, त्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी आणि घरांसाठीच वापरायचा. शेवटी शेवटी तो दर हजार विड्यांमागे पाच रुपये होता. रक्कम लहान होती, पण तिची रचना फार शहाणपणाची होती. जो माल माणसं मारतो त्यावरच कर, आणि तो कर तो माल बनवणाऱ्या गरीब बाईकडेच परत. ओढणाऱ्याचा आणि वळणाऱ्या बाईचा प्रश्न एका धाग्यात बांधलेला.

सोलापूरला या विचाराचं फळ डोळ्यांनी दिसतं. विडी कामगारांच्या घरांसाठी केंद्राची योजना याच निधीवर उभी होती. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यातून कुंभारी इथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार बायांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. केंद्र, राज्य आणि स्वतः कामगार अशा तिघांच्या वाट्यातून. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचं हस्तांतर झालं. त्याच परिसरात रे नगरची तीस हजार घरांची योजना पुढे आली आणि त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केलं. पण तोपर्यंत पैशाचा स्रोत बदलला होता. रे नगर उभं राहिलं पंतप्रधान आवास योजनेतून.

मधल्या काळात, २०१७ मध्ये जीएसटी आला आणि त्याच्या तयारीत अनेक उपकर रद्द झाले. त्यात विडीचा कल्याण उपकरही गेला. शिष्यवृत्त्या आणि दवाखाने बंद पडले नाहीत, ते अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर चालू राहिले. पण धागा सुटला. आता विडीवर कर वाढवला तर कामगार बाईला वाटतं तिच्या पोटावर पाय आला, आणि कर कमी केला तर वाटतं सरकारने तिची दखल घेतली. दोन्ही वेळेला पैसा तिच्याकडे येत नाही. तरी बाई करकपातीच्या बाजूने मोर्चात उभी राहते, कारण तिच्यासमोर ठेवलेला दुसरा पर्यायच नाही. यात तिचा दोष शून्य आहे.

धूम्रपान कमी करू पाहणाऱ्या आरोग्य क्षेत्रातल्या लोकांनी याकडे पुरेसं लक्ष दिलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तंबाखू नियंत्रण कराराच्या सतराव्या आणि अठराव्या कलमात तंबाखूवर पोट असलेल्यांना पर्याय देण्याची आणि त्यांच्या आरोग्याची जबाबदारी लिहिलेली आहे. आपण इशारा-चित्रांची, करांची, दंडांची कलमं उचलली आणि ही दोन मागे ठेवली. केंद्राने २०१७ च्या सुमारास विडी कामगारांना पर्यायी रोजगाराचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, पण देशातल्या पन्नास लाख कामगारांपुढे प्रशिक्षण घेतलेल्यांची संख्या काही हजारांतच राहिली.

मोकळ्या राहिलेल्या या जागेत कारखानदारांचं राजकारण शिरलं. २०१५ मध्ये ८५ टक्के इशारा-चित्राचा विषय लोकसभेच्या समितीपुढे होता. समितीचे अध्यक्ष होते अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूने कॅन्सर होतो हे सिद्ध करणारा भारतीय अभ्यास नाही, असं त्यांनी जाहीरपणे म्हटलं. त्याच समितीवर एक खासदार स्वतः मोठे विडी उद्योजक होते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत महाराष्ट्राचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील तोंडाच्या कॅन्सरने गेले होते. चित्रं अखेर आली, वर्षभर उशिराने. विडीच्या निमुळत्या बंडलावरच्या पातळ कागदावर ती इतकी पुसट छापलेली असतात की नेमका काय इशारा आहे ते कळायला बंडल उजेडात धरावं लागतं.

टपरीवरच्या अंमलबजावणीबद्दल लांबण लावत नाही. सुट्टी विक्री बंद आहे, तरी सुतळीला लायटर टांगलेला असतो आणि पोरं एकेक सिगारेट घेतात. सुट्ट्या सिगारेटवर चित्र नसतं, मदत क्रमांकही नसतो. सार्वजनिक धूम्रपानाचा दंड कमाल दोनशे रुपये. २००३ पासून तो आकडा तसाच आहे.

फिलिपिन्सने काय केलं आणि भूतानचं काय झालं

विडीवर जास्त कर म्हणजे गरिबावर जास्त भार, हा आक्षेप प्रामाणिक आहे. त्याचं उत्तर फिलिपिन्समध्ये सापडतं. तिथेही तंबाखू पिकवणारे शेतकरी गरीब आणि तिथेही सिगारेट अतिशय स्वस्त. २०१२ मध्ये त्यांनी तंबाखू आणि दारूवरचा कर मोठ्या प्रमाणात वाढवला आणि वाढीव उत्पन्नाचा मोठा भाग गरिबांच्या आरोग्य विम्यासाठी कायद्यानेच बांधून दिला. तंबाखू पिकवणाऱ्या प्रांतांचा वाटाही आधीपासून कायद्यात होता, तो टिकला. परिणामी कर वाढवायला विरोध करणाऱ्यांपुढे कराचा थेट लाभ मिळणारी माणसं उभी राहिली. तिथे तंबाखू वापरणाऱ्यांचं प्रमाण २००९ मध्ये २९.७ टक्के होतं, ते २०१५ मध्ये २३.८ टक्क्यांवर आलं.

सरळ बंदी घाला असं म्हणणारेही आपल्याकडे भेटतात. भूतानने २००४ मध्ये तंबाखूविक्रीवर बंदी घातली. चोरटा माल सीमेवरून येत राहिला आणि २०२१ मध्ये बंदी उठवावी लागली. आपल्या गुटखाबंदीचा अनुभव त्याहून निराळा नाही. शिवाय विडीवर बंदी म्हणजे पूर्व भागात उद्या सकाळी चूल न पेटणं. ते कुठल्याही आरोग्यधोरणाला शोभणार नाही.

सोलापुरात काय करता येईल

माझं म्हणणं असं: विडीवरची सवलत मागे घ्यावी, तिच्यावरचा कर टप्प्याटप्प्याने सिगारेटच्या जवळ न्यावा, आणि वाढीव रकमेतला ठरावीक भाग, हजार विड्यांमागे किमान पन्नास रुपये, कायद्याने विडी कामगारांच्या निधीत बांधून टाकावा. १९७६ चाच विचार, दहापट दराने. जीएसटीच्या चौकटीत हे बसत नाही असं कुणी म्हणेल, पण तंबाखूवर जीएसटीच्या जोडीला उत्पादन शुल्क लावायचा अधिकार संविधानाने केंद्राकडे ठेवलेलाच आहे, आणि १ फेब्रुवारी २०२६ पासून सिगारेटवर तोच वापरला गेला.

वरच्याच हिशोबाने हजारी पन्नास रुपये म्हणजे एका बाईमागे वर्षाला ८,७५० रुपये. सवलतीत सुटलेली रक्कम आणि ही रक्कम एकच आहे. फरक एवढाच की ती कुणाच्या नावाने जमा होते.

हा पैसा सगळ्यांना सारखा वाटून चालणार नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला शिवणकाम शिक म्हणणं क्रूरपणाचं आहे. तिचे डोळे आणि कंबर विडीने आधीच घेतलेली आहेत. तिला हवी आहे पेन्शन. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. त्यात या निधीतून सातशे-साडेसातशेची भर पडली, तरी ती बाई सूप बाजूला ठेवायचा विचार करू शकते. तिने सूप ठेवलं की तिच्या वाटणीचं काम उरलेल्यांना मिळतं आणि त्यांचे दिवस भरतात.

तिशी-चाळिशीतल्या बायांचा प्रश्न सगळ्यात अवघड. सोलापुरात शाळांच्या गणवेशांचा धंदा चांगला वाढला आहे, इथले गणवेश राज्याबाहेर जातात. टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांत शिलाई आणि घडीचं काम असतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बचतगटांच्या बाया पाकिटं करून विकतात. पण विडीचं एक मोठं बलस्थान आहे, ते कुठलीही प्रशिक्षण योजना लक्षात घेत नाही: विडी घरात बसून करता येते, लेकराला मांडीवर घेऊन, सासूला औषध देऊन, भात शिजत ठेवून. शिलाईच्या कारखान्यात नऊ ते सहा जावं लागतं. म्हणून निधीतला पैसा प्रमाणपत्रं वाटण्यावर खर्च न करता पाळणाघरांवर, कुंभारीहून औद्योगिक वसाहतीपर्यंतच्या बसवर आणि शिकण्याच्या काळातल्या रोजावर खर्च व्हायला हवा. सहा महिने कमाई नसेल तर कुठलीही बाई विडी सोडणार नाही, आणि तिने सोडूही नये.

मुलींसाठी मात्र हयगय नको. विडी कामगाराच्या घरातली मुलगी बारावीच्या पुढे शिकत असेपर्यंत तिची शिष्यवृत्ती तिच्या खात्यात वेळेवर पडली, तर पूर्व भागात नव्या हाताला सूप मिळणार नाही. ही एक गोष्ट जमली तरी मला पुरे वाटेल.

यातल्या अडचणी मला दिसतात. विडी महाग झाली की ओढणारा चघळण्याकडे वळेल, आणि महाराष्ट्रात ती वाट फार रुंद आहे: २०१६-१७ मध्ये राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणून विडीचा कर वाढवताना चघळायच्या तंबाखूचा कर आणि गुटखाबंदीची अंमलबजावणी दोन्ही ढिली ठेवता येणार नाहीत. दुसरी अडचण निधीची. तो विडीवरच चालणार असल्याने विडी घटली की निधीही घटेल. विडी वळणाऱ्या बायाही त्याच प्रमाणात घटतील, त्यामुळे माणशी रक्कम टिकते, पण बाहेर पडलेल्या बायांची पेन्शन मागे उरते. तेव्हा सुरुवातीच्या दहा वर्षांत, खप अजून आहे तोवर, पैसा साठवून ठेवणं भाग आहे. तिसरी अडचण बेनामी विड्यांची. कर वाढला की छाप नसलेलं बंडल बाजारात येतं. त्याला उपाय मालाच्या मुळाशी आहे: तेंदूपान जंगलातून लिलावाने येतं, तंबाखू निपाणीहून आणि गुजरातेतून येते, आणि दोन्हींचा माग कागदावर काढता येतो.

आणि या सगळ्याच्या आधी यादी. पूर्व भागात कार्ड एकीच्या नावाने असतं आणि विड्या सून वळते. एकाच बाईचं नाव दोन कारखान्यांत सापडतं, तर वीस वर्षं विडी वळणाऱ्या दुसरीचं कुठेच नसतं. बऱ्याच जणींच्या भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही: तेलुगू आडनाव मराठीत एका तऱ्हेने लिहिलेलं, इंग्रजीत दुसऱ्या. निधी उद्या आला तरी तो याच यादीवरून वाटला जाणार. ती दुरुस्त करायला दिल्लीच्या निर्णयाची वाट बघायचं कारण नाही. कामगार आयुक्तांचं स्थानिक कार्यालय, महानगरपालिका आणि कामगार संघटना मिळून विडी घरकुलापासून सुरुवात करू शकतात, गल्लीगल्लीने, सकाळी अकराच्या पुढे, बाया कारखान्यातून पान-तंबाखू घेऊन घरी परतल्यावर.